उजेडाचे सांधे

औंधच्या मूळपीठ डोंगरावर चढून गेले, की यमाईच्या देवळाभोवतीचा सगळा मुलूख नजरेत येतो. पायथ्याला गाव, उतारावर श्री भवानी वस्तुसंग्रहालयाची इमारत आणि पलीकडे खटाव तालुक्यातला उघडा, कमी पावसाचा माळ. डोळ्यांना हे एका गिरकीत दिसते. कॅमेऱ्याला मात्र ते तुकड्यातुकड्यांनी घ्यावे लागते: एक फोटो, थोडे वळायचे, दुसरा फोटो, पुन्हा वळायचे. २४ मिलिमीटरची लेन्स लावून फुल-फ्रेम कॅमेरा उभा धरला, तर एका फोटोत आडवा सुमारे ५३ अंशांचा मुलूख मावतो. शेजारच्या दोन फोटोंमध्ये एकतृतीयांशाच्या आसपास भाग सामाईक ठेवायचा म्हटले, तर ३६० अंशांच्या पूर्ण फेरीला दहा फोटो लागतात.

हे दहा फोटो एकमेकांना जोडणे आता अवघड राहिलेले नाही. दोन्ही फोटोंत दिसणारे तेच दगड, तीच झाडे, त्याच छपरांचे कोपरे संगणक शोधून काढतो आणि एकावर एक बसवतो. देवळाची भिंत मोडत नाही, क्षितिज तुटत नाही. तरीही चित्र पाहिल्याबरोबर कळते, की हे दहा तुकडे आहेत. आकाशात ठरावीक अंतरावर उभे काळसर पट्टे असतात. एका तुकड्यातला माळ पिवळा, तर शेजारच्यातला निळसर. गावावरचा उजेड मध्येच एका सरळ रेषेवर बदलतो. रेषा जुळल्या, पण उजेड जुळला नाही. हे प्रकरण त्या उजेडाबद्दल आहे.

आधी एक भेद पक्का करून घेऊ, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. असा उजेड कमीजास्त होतो, त्याची कारणे दोन ठिकाणी असतात. काही कारणे डोंगरावर असतात: संध्याकाळी पश्चिमेचे आकाश झगझगीत, पूर्वेचे मंद, डोंगराची एक बाजू उन्हात, दुसरी सावलीत. काही कारणे कॅमेऱ्यात असतात: प्रत्येक फोटोला यंत्राने वेगळे एक्स्पोजर दिले, लेन्सने कडांना उजेड कमी पोचवला. डोंगरावरचा फरक चित्रात राहिला पाहिजे, कॅमेऱ्यातला गेला पाहिजे. जोडकामातली सारी विद्या या दोघांना ओळखून वेगळे काढण्यात आहे. सगळीकडे सारखा उजेड करायचा, असे ठरवून बसलेला माणूस चांगले चित्र हमखास बिघडवतो.

कॅमेऱ्याच्या चुकांपैकी सर्वांत मोठी चूक सर्वांत सहज टाळता येते. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा प्रत्येक वेळी समोरचे दृश्य मोजतो आणि त्याची सरासरी मध्यम करड्या छटेच्या जवळ आणू पाहतो. पश्चिमेकडे तोंड केले, की आकाश भगभगीत, म्हणून तो १/१००० सेकंद देतो. पूर्वेकडे वळले, की १/१२५. म्हणजे त्याच दगडाला एका फोटोत दुसऱ्यापेक्षा आठपट उजेड मिळाला. हा फरक दगडात नव्हता. म्हणून फेरी सुरू करण्याआधी कॅमेरा मॅन्युअलवर न्यायचा, शटर, ॲपर्चर आणि आयएसओ ठरवायचे आणि दहावा फोटो होईपर्यंत एकाही चाकाला हात लावायचा नाही. व्हाइट बॅलन्सही ऑटोवरून काढून ‘ऊन’ किंवा एखाद्या ठरावीक आकड्यावर बसवायचा. तो ऑटोवर राहिला, तर लाल आणि निळ्याचे प्रमाण प्रत्येक दिशेला वेगळे ठरते आणि मग तोच माळ एकीकडे पिवळा, एकीकडे निळा दिसतो. फोनने काढायचे असल्यास पडद्यावर एका जागी बोट दाबून धरावे. बहुतेक फोनमध्ये त्याने उजेड आणि फोकस दोन्ही जखडले जातात.

आता प्रश्न येतो, की ते एकच एक्स्पोजर कोणत्या दिशेचे धरायचे? सूर्याच्या बाजूने धरले, तर पूर्वेकडचा माळ काळोखात जातो. पूर्वेचे धरले, तर पश्चिमेचे आकाश पांढरेफटक होते आणि त्या पांढऱ्यातून पुढे काहीही परत मिळत नाही. माझा कौल उजळ बाजूकडे आहे. सूर्याचे बिंब सोडून बाकी आकाशाचा तपशील टिकेल इतके एक्स्पोजर ठेवावे आणि फोटो रॉ फाइलमध्ये घ्यावेत. सावलीतला तपशील रॉ फाइलमधून बराचसा वर उचलता येतो. फरक फारच मोठा असेल, तर प्रत्येक दिशेला तीन-तीन फोटो घ्यावेत: एक मधला, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. मात्र हे त्रिकूट दहाही दिशांना तेच हवे. एका दिशेला गरज नाही म्हणून तिथे एकच फोटो घेतला, की सांधा पुन्हा उघडा पडतो.

एवढे नीट केले, तरी आकाशातले उभे पट्टे जात नाहीत. ते लेन्सचे काम आहे. कोणतीही लेन्स चित्राच्या मध्यावर जितका उजेड पोचवते, तितका कडांवर पोचवत नाही. तिरक्या येणाऱ्या किरणांना लेन्सचे तोंड अरुंद दिसते, त्यांना जास्त अंतर कापावे लागते आणि ते सेन्सरवर तिरके पडून पसरतात. साध्या लेन्सच्या गणितात हे सगळे एकत्र केले, की उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने कमी होतो. आपल्या २४ मिलिमीटरच्या लेन्सला उभ्या चौकटीची बाजूची कड मध्यापासून साडेसव्वीस अंशांवर आहे. तिथे या हिशेबाने मध्याच्या ६४ टक्के उजेड उरतो. कोपरा ४२ अंशांवर असतो, तिथे ३० टक्क्यांच्या जरा वर. आजच्या वाइड लेन्सची रचना यापेक्षा पुष्कळ चांगली वागते, पण त्यांच्यात दुसरे कारण भर घालते. ॲपर्चर पूर्ण उघडे असताना लेन्सच्या नळीची कड तिरक्या किरणांच्या वाटेत येते. ॲपर्चर दोन-तीन स्टॉप बंद करून एफ/८ च्या आसपास आणले, की हा दुसरा भाग जवळजवळ नाहीसा होतो. कोसाइनचा भाग मात्र तसाच राहतो. तो ॲपर्चरने हलत नाही.

एकट्या फोटोत ही काळवंडलेली कड कोणाला खुपत नाही, उलट पुष्कळांना आवडते. दहा फोटो शेजारी लावले, की मात्र प्रत्येक सांध्यावर दोन काळ्या कडा एकत्र येतात आणि निळ्या आकाशात दहा खांब उभे राहतात. माळावर झाडे, बांध, दगड यांत ते लपतात. आकाशात लपायला जागा नसते. औंधच्या बाजूला दिवाळीनंतरचे आकाश किती निरभ्र असते हे ज्याने पाहिले आहे, त्याला या पट्ट्यांचा त्रास वेगळा सांगायला नको.

ही अडचण डिजिटल कॅमेऱ्यांबरोबर आलेली नाही. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नावाजलेले हौशी छायाचित्रकार. त्यानंतर चार वर्षांनी, १८५८ मध्ये, फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने दिल्लीत जामा मशिदीवरून आणि लखनौमध्ये काचेच्या अनेक प्लेटा एकामागून एक घेऊन शहराची लांबलचक दृश्ये टिपली आणि कागदावरचे ठसे शेजारी चिकटवले. त्या काळच्या कोलोडियन प्लेटेला निळा रंग फार लवकर लागे, त्यामुळे आकाश ठशात कोरे पांढरे उमटे. छायाचित्रकारांची ती मोठी तक्रार होती, पण जोडचित्रात तीच त्यांच्या पथ्यावर पडली. पांढऱ्या आकाशात पट्टे कसे दिसणार? त्यांची अडचण खाली, जमिनीवर होती. अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेला कागद उन्हात ठेवून ठसा घेत, मग सोन्याच्या क्षारात बुडवत. एक ठसा उन्हात जरा जास्त राहिला किंवा द्रावणातून जरा लवकर निघाला, की तो शेजारच्यापेक्षा गडद किंवा तांबूस व्हायचा. अशा जोडचित्रांत कागदाच्या सांध्यावर छटा बदलते, ती या कारणाने. त्यांच्याकडे उपाय एकच होता: तसाच ठसा पुन्हा पुन्हा काढत राहणे आणि जुळणारा निवडणे.

आपल्याकडे गणित आहे. ते गणित ज्या पायावर उभे आहे, तो पाय म्हणजे सामाईक भाग. एकच दगड दोन फोटोंत आला, की त्याचे दोन उजेड आपल्या हातात येतात. दगड एकच आहे, तेव्हा दोन आकड्यांतला फरक कॅमेऱ्याचा. पहिल्या फोटोत तो दगड १२० आणि दुसऱ्यात १०० असेल, तर दुसऱ्या फोटोला १.२ ने गुणले की काम झाले, असे वाटते. दोन फोटोंपुरते ते खरेही आहे. दहांच्या साखळीत ते टिकत नाही. कानोकानी पोचवलेला निरोप शेवटच्या माणसापर्यंत जाताना जसा बदलतो, तसे इथे होते. प्रत्येक सांध्यावर मोजण्यात दोन टक्क्यांची चूक एकाच दिशेने झाली, तर दहा सांध्यांनंतर ती जवळजवळ २२ टक्के होते. आणि आपली फेरी बंद आहे, म्हणजे दहावा फोटो पुन्हा पहिल्याला भिडतो. सगळी साठलेली चूक त्या एका सांध्यावर उघडी पडते.

म्हणून सगळे गुणक एकाच वेळी काढावे लागतात. कॅनडात व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी फोटो आपोआप जोडण्याची जी पद्धत मांडली, तिच्या २००७ मधल्या सविस्तर निबंधात हे स्वच्छ दिले आहे. दहा फोटोंना दहा गुणक. शेजारच्या प्रत्येक जोडीसाठी, गुणकाने गुणल्यानंतरही सामाईक भागात जो फरक उरतो, त्याचा वर्ग करायचा. सगळ्या जोड्यांचे वर्ग मिळवायचे. आणि ही बेरीज सर्वांत कमी होईल असे दहा गुणक निवडायचे. ज्या जोडीत सामाईक भाग मोठा, तिच्या मताला वजन जास्त. अशाने चूक एका जागी साठत नाही, सगळ्या सांध्यांवर थोडी थोडी वाटली जाते आणि नजरेला लागत नाही.

या गणितात एक छुपा खड्डा आहे आणि मला तो फार शिकवणारा वाटतो. फरक सर्वांत कमी कधी होतो? दहाही गुणक शून्य केले तर. मग सगळे फोटो काळेकुट्ट, आणि काळ्यात नि काळ्यात फरक शून्य. फक्त ‘जुळव’ एवढेच सांगितलेले यंत्र शेवटी चित्रच नाहीसे करते. म्हणून ब्राउन आणि लो यांनी बेरजेत दुसरे पद घातले: प्रत्येक गुणक एकपासून जितका दूर जाईल, तितका दंड. आता यंत्राला दोन गोष्टी एकदम सांभाळाव्या लागतात: फोटो जुळले पाहिजेत आणि प्रत्येक फोटो मूळच्या जवळही राहिला पाहिजे. मघाचा भेद इथे गणितात उतरला आहे. रंगाचा फरकही असेल, तर लाल, हिरवा आणि निळा यांना वेगवेगळे गुणक देऊन हेच गणित तीनदा करता येते.

गुणण्याची ही क्रिया कोणत्या आकड्यांवर करायची, यातही गोम आहे. सेन्सर उजेड सरळ मोजतो: दुप्पट उजेड, दुप्पट आकडा. जेपेग फाइलमधले आकडे मात्र डोळ्यांच्या सोयीने वाकवलेले असतात. तिथे २०० असलेल्या ठिपक्याचा उजेड निम्मा केला, तर आकडा १०० होत नाही, १४६ च्या आसपास होतो. त्यावर कॅमेरा स्वतःची चढउताराची वक्ररेषा लावतो, त्यामुळे गडद भागात आणि उजळ भागात तोच बदल वेगळ्या प्रमाणात उमटतो. परिणाम असा, की जेपेगवर गुणक लावला तर माळ जुळतो आणि आकाश चुकते, किंवा उलट. रॉ फाइल घ्या असा आग्रह मघा धरला, त्याचे दुसरे कारण हे.

आता राहिले ते खांब. फोटोला एकच गुणक दिला, तर त्याचा मध्य आणि कड सारख्याच प्रमाणात बदलतात, म्हणून काळवंडलेल्या कडांवर त्याचा उपाय चालत नाही. तिथेही सामाईक भागच कामाला येतो. एखादे बाभळीचे झाड एका फोटोत कडेला असते आणि पुढच्या फोटोत मध्याकडे सरकलेले असते. कडेला असताना ते किती मंद दिसले, यावरून लेन्सने तिथे किती उजेड खाल्ला ते कळते. दहा सांध्यांवर अशा हजारो जोड्या मिळतात. त्यांच्यातून मध्यापासूनच्या अंतरानुसार उजेड कसा घटतो याची एक वक्ररेषा बसवायची आणि प्रत्येक ठिपक्याला तिने भागायचे. डॅन गोल्डमन आणि जिउन-हंग चेन यांनी २००५ मध्ये एक्स्पोजर आणि ही घट एकत्र काढण्याची रीत दिली. पाब्लो डी’अँजेलो याच्या २००७ मधल्या कामातून अशीच सोय ‘हगिन’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आली. ते सॉफ्टवेअर हेल्मुट डेर्श या जर्मन प्राध्यापकाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या ‘पॅनोरमा टूल्स’वर उभे आहे. हगिनमध्ये एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, कडांची घट आणि कॅमेऱ्याची वक्ररेषा हे सगळे एकाच गणितात सोडवता येते. विकतचे सॉफ्टवेअर परवडत नाही म्हणून थांबलेल्या विद्यार्थ्याला मी हेच सुचवेन.

यानंतर उरतो तो बारीक फरक, आणि तो मिटवायचे तंत्र या सगळ्यांपेक्षा जुने आहे. सरळ उपाय असा, की सामाईक पट्ट्यात एक फोटो हळूहळू विरघळवायचा आणि दुसरा हळूहळू आणायचा. पण पट्टा किती रुंद ठेवायचा? रुंद ठेवला, तर आकाश सुरेख मिसळते आणि देवळाचे दगड दुहेरी दिसतात, कारण दोन फोटोंत ते केसभर सरकलेले असतात. अरुंद ठेवला, तर दगड स्वच्छ राहतात आणि आकाशात रेघ उमटते. अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या संशोधन केंद्रात पीटर बर्ट आणि एडवर्ड एडल्सन यांनी १९८३ मध्ये यातून वाट काढली. त्यांनी प्रत्येक चित्राचे थर केले. सर्वांत वरच्या थरात दगडांच्या कडा, पानांची टोके अशी बारीक नक्षी. त्याखाली जरा ठोकळ आकार. सर्वांत खाली नुसता उजेडाचा मंद चढउतार. मग प्रत्येक थर वेगळ्या रुंदीच्या पट्ट्यात मिसळला: बारीक थर अरुंद पट्ट्यात, ठोकळ थर रुंद पट्ट्यात. शेवटी थर पुन्हा एकत्र केले. आकाशाला रुंद सांधा मिळाला, दगडाला अरुंद, आणि तोही एकाच जागी. चाळीस वर्षांनंतरही फोटो जोडणारी बहुतेक सॉफ्टवेअरे ही युक्ती वापरतात. इतके कमी बोलून इतके मोठे काम करणारी कल्पना चित्रप्रक्रियेच्या शास्त्रात मला दुसरी माहीत नाही.

सांधा कुठून न्यायचा, हेही ठरवावे लागते. देवळावरचे निशाण एका फोटोत उजवीकडे फडफडते आहे, पुढच्यात डावीकडे; पायऱ्यांवरून चढणारी मंडळी दोन्ही फोटोंत वेगळ्या पायरीवर आहेत. सांधा सरळ रेषेत नेला, तर अर्धे निशाण आणि बिनपायांचा माणूस पदरी पडतो. चांगले सॉफ्टवेअर दोन फोटोंतला फरक जिथे सर्वांत कमी, तिथून वाकडी वाट काढते. पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या गर्दीत मात्र यंत्राला वाट सापडणे कठीण. तिथे हाताने मास्क काढायची तयारी ठेवावी.

इथपर्यंतची साधने चोख आहेत. ती कुठे कमी पडतात हेही कळले पाहिजे, आणि औंधची संध्याकाळ त्यासाठी उत्तम धडा आहे.

सूर्य समोर असलेल्या फोटोत लेन्सच्या आतल्या काचांवरून उजेड परततो आणि सगळ्या चित्रावर पांढुरका पडदा चढतो. हा उजेड गुणून आलेला नाही, वरून मिळवलेला आहे. काळ्या सावलीतही तो तितकाच भरतो. तेव्हा गुणकाने तो जाणार नाही, तो वजाच करावा लागेल, आणि तोही चित्रात सगळीकडे सारखा नसतो. यावर सॉफ्टवेअरपेक्षा हात बरा: चौकटीच्या बाहेर तळहात किंवा पुठ्ठा धरून लेन्सवर सावली पाडायची, किंवा सूर्य देवळाच्या शिखराआड जाईल अशी जागा निवडायची. पोलरायझर फिल्टर तर फेरीच्या वेळी काढूनच ठेवावा. आकाशातला उजेड सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त ध्रुवित असतो. सूर्य पश्चिमेला असेल, तर फिल्टरमुळे उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या आकाशात गडद निळे डाग पडतात आणि मधले आकाश फिके राहते. कोणतेही गणित त्यांना चूक ठरवणार नाही, कारण फिल्टरमधून खरोखरच तसे दिसले होते.

सूर्य मावळत असताना तिसरीच गोष्ट घडते: फेरी चालू असताना उजेडच बदलत जातो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा मोकळ्यावर साधारण ४०० लक्स उजेड असतो. तो क्षितिजाखाली सहा अंश गेला, की तीन-साडेतीन लक्स उरतो. औंध सुमारे साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे मार्च किंवा सप्टेंबरात एवढ्याला बावीस मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे उजेड दर तीन मिनिटांनी निम्मा. दहा फोटोंना अर्धे मिनिट लागले, तरी पहिल्या आणि दहाव्या फोटोत बारा टक्क्यांचा फरक पडतो, आणि ते दोघे तर शेजारी. हा फरक डोंगरावरचा की कॅमेऱ्यातला? उजेड खरेच बदलला, पण चित्र एका क्षणाचे असल्याचा आपण दावा करतो, तेव्हा तो काढला पाहिजे. इथे गुणकांचे गणित नेमके हवे ते करते.

आणि त्याच वेळी तेच गणित घात करू शकते. सूर्य बुडाल्यावर काही मिनिटे पूर्वेकडे पाहावे. क्षितिजालगत निळसर करडा पट्टा वर चढत असतो आणि त्यावर फिकट गुलाबी कड असते. तो पट्टा म्हणजे हवेत पडलेली पृथ्वीची सावली. कोरड्या, मोकळ्या मुलखात तो फार सुंदर दिसतो. काही सॉफ्टवेअरे फोटोचे लहान चौकोन करून प्रत्येक चौकोनाला वेगळा गुणक देतात; एकाच फोटोच्या दोन बाजूंना वेगळी दुरुस्ती लागते तेव्हा त्यांचा उपयोग होतो. पण तेवढी मोकळीक मिळाली, की अशा मंद चढउताराला दोष समजून ते सपाट करण्याचा धोका असतो. पूर्वेच्या क्षितिजावरची सावली गेली, तर मग सूर्यास्ताचे चित्र काढलेच कशाला? माझा नियम साधा आहे: प्रत्येक फोटोला एक गुणक आणि लेन्सला एक वक्ररेषा. एवढ्याने जे भागत नाही, ते कॅमेऱ्यातले आहे याची खात्री पटल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

डोंगर उतरून वस्तुसंग्रहालयात आले, की हाच प्रश्न घरात, भिंतीवर भेटतो. हे संग्रहालय १९३८ मध्ये उभारणारे औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. त्यांचे संस्थान एकसलग नव्हते. औंध आजच्या साताऱ्यात, तर आटपाडी आणि कुंडल आजच्या सांगलीत, असे ते विखुरलेले. ते स्वतः चित्रकार. चित्ररामायण त्यांनीच रंगवले. राजा रविवर्म्याची चित्रे त्यांनी औंधात आणली, वेरूळवर १९२९ मध्ये आणि अजिंठ्यावर १९३२ मध्ये इंग्रजीत पुस्तके लिहिली. अजिंठ्याच्या ओढीमागे एक धास्ती होती, आणि ती बाळासाहेबांच्या कितीतरी आधीची. रॉबर्ट गिलने १८४४ पासून वर्षानुवर्षे बसून काढलेल्या तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. जॉन ग्रिफिथ्सने जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून केलेल्या नकलांपैकी पुष्कळशा १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. नक्कल गेली, तर मागे काय राहणार, हा प्रश्न तेव्हापासून आहे. आज त्याचे उत्तर म्हणजे भिंतीचा तुकड्यातुकड्यांनी काढलेला, जोडलेला मोठा डिजिटल फोटो.

भिंतीचे काम डोंगरापेक्षा कडक आहे. लेण्यात उजेड दारातून येतो आणि आत जाता जाता मरतो. आरसे आणि पांढरी कापडे लावून बाहेरचे ऊन आत वळवायची जुनी रीत होती. दिवा लावला, तर अंतराचा नियम आड येतो: दिव्यापासून दोन मीटरवरच्या भागाला जेवढा उजेड, त्याच्या पाव उजेड चार मीटरवरच्या भागाला. डोंगरावर आपण म्हटले, की दृश्यातला उजेड ठेवायचा. इथे मात्र दिव्याचा उजेड चित्रकाराचा नाही, तोही काढून टाकायचा आहे. पण चित्रकाराने अंधूक रंगवलेला कोपरा आणि दिवा न पोचलेला कोपरा फोटोत सारखेच दिसतात. सामाईक भागाचे गणित यांत फरक करू शकत नाही, कारण दोन्ही फोटोंत तो कोपरा तसाच अंधूक आहे.

याचे उत्तर खगोलशास्त्रज्ञांनी कधीच शोधून ठेवले आहे. पुण्याच्या आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण जुन्नरजवळ गिरवलीला आहे. अशा दुर्बिणीवर काम करणारे लोक रात्रीचे फोटो घेण्याआधी किंवा नंतर संधिप्रकाशातल्या कोऱ्या आकाशाचे फोटो घेतात. कोऱ्या आकाशात काहीच नक्षी नसते, तेव्हा त्या फोटोत जो कमीअधिक उजेड दिसतो तो सगळा दुर्बिणीचा, आरशांवरच्या धुळीचा, सेन्सरच्या ठिपक्यांमधल्या फरकाचा. ताऱ्यांच्या फोटोला या कोऱ्या फोटोने भागले, की उरतो तो फक्त ताऱ्यांचा उजेड. भिंतीसमोर हेच करायचे: दिवे, कॅमेरा, अंतर काहीही न हलवता चित्राच्या जागी एकसारखा पांढरा किंवा करडा बोर्ड धरून एक फोटो घ्यायचा आणि चित्राच्या फोटोला त्याने भागायचे. दिव्याचा आणि लेन्सचा दोष एकाच भागाकारात निघतो. भित्तिचित्राजवळ बोर्ड नेणे धोक्याचे असेल, तर निदान प्रत्येक चौकटीच्या कडेला करड्या छटांची पट्टी दिसेल अशी ठेवायची. दिवे दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत, सारख्या अंतरावर, आणि जागा बदलताना कॅमेऱ्याबरोबर तेही तितकेच सरकवायचे. ही सगळी कामे परवानगी घेऊनच, आणि जुन्या रंगांवर दिवा लागेल तेवढाच वेळ.

चित्र तयार झाले, की तपासायचे कसे? भरपडद्यावर जवळून पाहणाऱ्याला सांधे दिसत नाहीत, कारण डोळा हळूहळू बदलणाऱ्या उजेडाला सरावतो. चित्राची एक प्रत काढून ती काळीपांढरी करावी, तिची रुंदी मूळच्या दहाव्या भागाइतकी दाबावी, उंची तशीच ठेवावी आणि कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवावा. मंद पट्टे दाबले गेले की उठून दिसतात. पूर्ण फेरीचे चित्र असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या फोटोचा सांधा चित्राच्या दोन टोकांना विभागलेला असतो आणि तपासणीतून नेमका निसटतो. म्हणून चित्र अर्ध्याने सरकवून तो सांधा मध्यावर आणावा आणि पुन्हा पाहावे. पट्टे ठरावीक अंतरावर असतील, तर लेन्सची वक्ररेषा चुकली आहे. एखादाच तुकडा वेगळा असेल, तर त्याचा गुणक. दोष ओळखला, की त्या पायरीवर परत जाऊन गणित पुन्हा चालवावे. तयार चित्रावर ब्रशने उजेड फासू नये, कारण नंतर कोणी ते चित्र मोजमापासाठी वापरले, तर कोणता उजेड डोंगरावरचा आणि कोणता हाताने लावलेला, हे त्याला सांगता येणार नाही. मूळ दहा रॉ फाइली, कोऱ्या बोर्डाचा फोटो आणि शटर-ॲपर्चरची नोंद चित्राबरोबरच जपून ठेवावी.